चित्र काढायला मनाई आहे

लीड्सच्या क्राउन कोर्टात
पेन्सिल आत नेता येते,
चित्र आत काढता येत नाही.
शंभरेक वर्षांचा कायदा आहे.
बघण्यावर मात्र बंदी नाही,
म्हणून मी बघते,
आणि बघितलेलं शब्दांत भरून घेते
डब्यात भाजी भरावी तशी, दाबून.

आजची वही:
आरोपी. कान मोठे, डावा जरा खाली.
नाक अडकित्ता.
केस कालच कापलेत, मानेवर
ऊन न लागलेली पांढरी पट्टी.
टाय उसना. कॉलर उजवीकडे दुमडलेली.
काचेच्या पिंजऱ्यावर ट्यूबलाइट पडते
ती नेमकी तोंडावर.
सरकारी वकील पेनाचं टोपण काढतात, लावतात, काढतात.

एकदा बूथरॉइड, कोर्टाचा शिपाई,
खांद्यावरून वाकला आणि वहीच उचलली.
"ही बाई चित्र काढतेय, माय लॉर्ड."
बोट 'ज्ञ'वर होतं.
न्यायाधीशांनी चष्मा सरसावला,
पान उलटंसुलटं पाहिलं,
म्हणाले, वाचून दाखवा.
लिहिलं होतं: न्यायाधीश, उकडलेला बटाटा,
सोललेला, पण डोळे जागे.
शपथ मला कुणी दिली नव्हती.
मी वाचलं, "न्यायाधीश, प्रसन्न."

ज्युरी तर कागदावरही काढायची नाही.
बारा जणांच्या जागी
मी बारा फिकट लंबगोल ठेवते.
पण डोळ्याला कुठला आलाय नियम?
सत्तावीस वर्षांत
खुनी, दरोडेखोर, बँकेचे मॅनेजर
सगळे कागदावर उतरून निघून गेले.
हे बारा-बारा जण राहिलेत.
सुपरमार्केटात दुधाच्या कपाटापाशी एक बाई भेटते,
तिच्या पुढच्या दाताला लागलेली लिपस्टिक
मला आठवते, एका खटल्यातल्या
लांबलेल्या दुपारची.
ती म्हणते, सॉरी, जरा सरकता का?

निकाल तीन-पन्नासला.
साडेचारला व्हॅनला चित्र हवं.
प्रेसच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही,
मी बाहेर पायऱ्यांवर,
मांडीवर फळी, नखांत पेस्टल,
वारा असा की राखाडी रंगाची पूड
बसस्टॉपपर्यंत जातेय.
आधी काच काढायची, मग काचेमागचा माणूस.
उलट केलं तर माणूस बाहेर येतो.

टीव्हीवाला पोरगा, ओवेन, वाकून विचारतो,
"रडला का तो?"
नाही.
"थोडासा?"
कान लाल झाले होते. ते घे.

तेवढ्यात एक बाई थांबली.
हातावर पुरुषी कोट, घडी घातलेला,
सकाळी ज्यात कुणीतरी आलं असणार.
कोण ते मला कानांवरून कळलं.
बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
"कॉलर अशी नव्हती.
मी इस्त्री केली होती.
दोन्ही बाजूंनी."

व्हॅनचं इंजिन चालू होतं.
मी काय पाहिलं ते मला माहीत होतं,
सगळा दिवस तेच पाहत होते.
अंगठा उजवीकडे गेला. पुसलं.
पांढऱ्याची एक सरळ रेघ.
ती काही बोलली नाही.
बस आली, तीत चढली, कोट मांडीवर घेऊन बसली.

रात्रीच्या बातम्यांत चार सेकंद:
कॅलम हेप्वर्थ, वय बावीस, शिक्षा चौदा वर्षं,
कान लाल, कॉलर ताठ.

वहीत ती ओळ तशीच आहे,
बूथरॉइडला चित्र वाटेल अशा लिपीत: दुमडलेली.
तिच्या खाली आणखी एक ओळ:
पहिल्या बाकावर, गेलेल्या मुलीची आई.
चष्मा दिवसभर हातात. घातला नाही एकदाही.

ती चौकटीत मावली नाही.
तिने काही दुरुस्त करायला सांगितलं नाही.